सात अक्षरांची जागा

दगड आमच्याच जिल्ह्यातला. खाणीतून निघतो तेव्हा ओला असतो,
पात्याचं ऐकतो. मग हवा लागते आणि हट्टी होतो.
व्हर्लिन होस्टेटलर हे प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतात,
एकोणतीस वर्षं, त्याच सुरात.
मी त्यांच्याकडे अक्षरं कापते:
रबराचा ताव, बारीक सुरी, नंतर वाळूचा फवारा.

मंगळवारी डेल्मर क्विग आला. शाळेची बस चालवतो,
माझी दोन्ही मुलं त्याच्याच बसनं मोठी झाली.
टोपी हातात, कागद टोपीत.
ॲन्सेल थॉर्न. जन्म. मृत्यू.
आणि खाली एकच शब्द: हजबंड.

व्हर्लिननी कागद वाचला.
चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचला.
'फ्रेंड लिहू,' म्हणाले, अगदी हळू,
'आपल्या लिपीत एक अक्षर कमी. अठरा डॉलर वाचतील तुझे.'
खरं सांगते, त्यांना वाटत होतं
आपण मदतच करतोय.

डेल्मर म्हणाला, 'बावीस वर्षं
त्याच्या इन्शुलिनच्या सुया मी टोचल्या.'
मग बराच वेळ काही नाही.
मग, 'गावाचा ठराव आहे ना, व्हर्लिन?'

होता.
दारावर स्टिकरही होतं: इथून कुणाला परत पाठवत नाही.
राजधानीत श्रद्धेच्या रक्षणाचा कायदा झाला त्या आठवड्यात
मीच ते सुरीनं खरवडलं.
कागद निघाला, गोंद राहिला.
आता काचेवर वाळूची पूड तिथंच बसते,
तेवढ्याच चौकोनात,
पुसली तरी.

व्हर्लिन दुष्ट नाहीत. माझ्या बाळंतपणात
त्यांच्या घरून रोज सूप यायचं.
त्यांच्या आजोबांनी पहिल्या महायुद्धात
बंदुकीला हात लावायला नकार दिला,
म्हणून गावानं एका रात्रीत त्यांच्या प्रार्थनाघराला
पिवळा रंग फासला.
विटांच्या सांध्यांत तो अजून दिसतो.
मनाला न पटणाऱ्या हुकमातून सुटायला एक दार हवं,
हे त्यांना पुस्तकातून कळलेलं नाही.
पण तेच दार आतून लावून घेता येतं
आणि बाहेर टोपी हातात घेऊन कुणी उभं असतं,
हे त्यांच्याशी कोण बोलणार?
मी तर नाही बोलले.

याच हातांनी मी बर्ट केसलरच्या दगडावर
'प्रेमळ पती' कोरलंय.
त्याच्या बायकोचा जबडा दोनदा तारेनं बांधावा लागला होता,
गावात कोणाला ठाऊक नव्हतं?
तेव्हा कुणाच्या श्रद्धेवर साधा ओरखडाही उठला नाही.
पैसे अक्षरं मोजून घेतले. पावती दिली.

डेल्मरनं शेवटी नाव आणि तारखा तेवढ्या घेतल्या.
पुढचं दुकान एकशेदहा मैलांवर,
आणि थॉर्नच्या म्हाताऱ्या आईला
हिवाळ्याआधी दगड उभा राहिलेला बघायचा होता.

मी ताव आखला.
नाव नेहमीपेक्षा वर घेतलं, तारखा त्याला चिकटवल्या,
खाली एक ओळ मोकळी सोडली.
रुंदी मोजली: सात अक्षरं, दोन्हीकडे श्वास घेण्याएवढी जागा.
धाडस म्हणू नका याला.
धाडसाला आवाज असतो.

व्हर्लिन बघायला आले.
कोऱ्या भागावरून अंगठा फिरवला,
डावीकडून उजवीकडे, मध्ये थांबत,
मला वाटतं सात वेळा.
म्हणाले, 'घासाई छान झालीय.'

मग जेवायला बसलो, नेहमीच्या लाकडी खोक्यांवर.
त्यांनी डबा उघडला, मान खाली घातली, डोळे मिटले.
एरवी मीही मिटते.
त्या दिवशी उघडेच ठेवले,
आणि बघत राहिले त्यांचे ओठ:
कुणासाठी तरी काहीतरी मागत होते,
नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ.